पेढीवरचा जुना संगणक : बदलावा की ठेवावा?

सदर : घर आणि पेढी

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या बार्शीच्या पेढीवर एक चमत्कारिक दृश्य होते. गादीवर लाल कापडात बांधलेल्या वह्या, त्यांच्या शेजारी आता दरवर्षी वह्यांच्या बरोबरीने मान मिळवणारा संगणक, त्याच्या कडेला हळदकुंकवाची बोटे, आणि पडद्यावर मात्र एक सूचना. सूचनेचा आशय असा, की या संगणकावरील विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे. पूजन होते २१ तारखेला. ज्या यंत्राला आम्ही नव्या वर्षासाठी कुंकू लावत होतो, त्याला त्याच्या निर्मात्यांनी आठवड्यापूर्वीच निरोप दिला होता.

माझा पुतण्या पुण्याहून आला होता. तो म्हणाला, "काका, आता तरी हे डबडं बदला. बँकेचं सगळं काम याच्यावर चालतं." त्यावर थोरले बंधू म्हणजे आमचे भाऊ शांतपणे म्हणाले, "नऊ वर्षांत एक दिवस बंद पडलं नाही. चालत्या बैलाला कोणी बाजार दाखवतो का?" आणि दोघेही माझ्याकडे पाहू लागले; कारण या सदरात मी अशा विषयांवर लिहितो, तेव्हा मला उत्तर ठाऊक असणार, अशी दोघांचीही समजूत. मी तेव्हा प्रसादाचे ताट पुढे करून वेळ निभावून नेली. परंतु त्यानंतर लग्नकार्यात, बाजारात, फोनवर हाच प्रश्न इतक्या वाचकांनी विचारला की आता टाळता येत नाही.

मुदत संपली म्हणजे नेमके काय झाले, हे आधी पाहू. संगणक बंद पडत नाही. हिशेबाचे सॉफ्टवेअर चालते, प्रिंटर चालतो, सारे काही कालच्यासारखेच दिसते. फरक न दिसणाऱ्या जागी पडतो. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये चोराला शिरता येईल अशा फटी वरचेवर सापडत असतात. मायक्रोसॉफ्ट कंपनी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी त्या फटी बुजवणारी दुरुस्ती आपल्याकडे धाडत असते. मुदत संपली की ती दुरुस्ती थांबते. वखारीचे कुलूप तेच राहते. परंतु त्या कुलपाची नवी किल्ली चोराने घडवली, तर आता कुलूपवाला येणार नाही. विंडोज एक्सपीच्या बाबतीत हे ८ एप्रिल २०१४ रोजी झाले, विंडोज ७ च्या बाबतीत १४ जानेवारी २०२० रोजी, आणि जुलै २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० ची पाळी आता आली.

हा केवळ कंपनीचा नवा माल खपवण्याचा डाव आहे, असे भाऊंचे मत. डावाचा अंश त्यात नाही, असे मीही म्हणणार नाही. परंतु मे २०१७ ची गोष्ट मी त्यांना आठवून दिली. 'वॉनाक्राय' नावाच्या विषाणूने १२ मे रोजी जगभर धुमाकूळ घातला. संगणकातील सर्व फायली कुलूपबंद होत आणि पडद्यावर खंडणीची मागणी येई : तीनशे डॉलर, बिटकॉइनच्या रूपाने. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. आपल्याकडे आंध्र प्रदेशात पोलिसांचे काही संगणक सापडले. यातील ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ती फट बुजवणारी दुरुस्ती कंपनीने १४ मार्चलाच, म्हणजे दोन महिने आधी दिलेली होती. ज्यांनी ती घेतली त्यांच्या यंत्रांना त्या फटीतून धक्का लागला नाही. बळी पडलेल्या संगणकांपैकी बहुतेक विंडोज ७ चे होते, आणि विंडोज ७ ला तेव्हा दुरुस्ती मिळत होती. फक्त ती घेतलेली नव्हती. आज ज्यांच्या संगणकावर विंडोज ७ किंवा ८ आहे, त्यांना घ्यायचे म्हटले तरी ती मिळणार नाही.

म्हणजे पुतण्याचे खरे. मग मी त्याच दिवशी नवा संगणक का मागवला नाही? कारण घाईची किंमत आमच्या पेढीने एकदा मोजलेली आहे, आणि ती कोणत्याही विषाणूने मागितली नसती इतकी मोठी होती.

डिसेंबर २०१९ ची गोष्ट. विंडोज ७ ची मुदत जानेवारीत संपणार, म्हणून मीच भाऊंच्या मागे लागलो. एक तंत्रज्ञ आला, तरुण, चलाख, बोलायला गोड. त्याने विचारले, "बॅकअप आहे ना?" मी म्हणालो, "रोज घेतो." खोटे नव्हते ते. मुनीमजी रोज संध्याकाळी गल्ला मोजून झाला की बॅकअपचे बटण दाबत. तो बॅकअप 'डी ड्राइव्ह'वर जाई. 'सी' आणि 'डी' ही दोन वेगळी कपाटे नसून एकाच कपाटाचे दोन कप्पे आहेत, हे आमच्यापैकी कोणाच्याच मनात कधी आले नव्हते. तंत्रज्ञाने नवी विंडोज घालताना सारी डिस्क पुसून नव्याने कप्पे पाडले. दोन तासांत यंत्र लखलखीत होऊन पुढे आले. मुनीमजींनी हिशेब उघडायला घेतला आणि पडद्यावर काहीच नव्हते.

एक पेन ड्राइव्ह सापडला. त्यातील बॅकअप ऑगस्टचा. ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंतची खतावणी गेली. आणि ज्यांची भुसाराची आडत आहे त्यांना सांगायला नको की त्यातच सोयाबीनचा सारा हंगाम येतो. शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्यांच्या कार्बन प्रती होत्या, त्यामुळे खरेदी पुन्हा उभी करता आली. बँकेतून आलेले पैसे बँकेच्या उताऱ्यावरून लावता आले. मुनीमजी तेव्हा सदुसष्ट वर्षांचे होते. रात्री दहा-दहा वाजेपर्यंत बसून त्यांनी साडेतीन आठवड्यांत सर्व नोंदी पुन्हा घातल्या. एक शब्द बोलले नाहीत. फक्त त्यानंतर पेढीवर एक वही ठेवू लागले आणि रोजमेळ हातानेही लिहू लागले. आजही लिहितात.

अडचण उरली ती रोख जमेची. वैरागचे एक किरकोळ व्यापारी, वडिलांच्या काळापासून आमच्याकडून डाळ नेणारे. त्यांच्या नावे चाळीस हजार येणे दिसत होते. ते म्हणाले, धनत्रयोदशीला रोख दिले. त्या आठवड्याचे पावतीपुस्तक सापडेना. भाऊंनी रक्कम जमा धरली, परंतु धरताना म्हणाले, "तुम्ही म्हणता म्हणून धरतो." बस, एवढेच वाक्य. समोरच्या माणसाने चहाचा पेला खाली ठेवला आणि नमस्कार करून उठले. त्यानंतर त्यांची गाडी आमच्या दाराशी आली नाही. दोन वर्षांनी गादीखालच्या फळीची दुरुस्ती करताना ते पावतीपुस्तक निघाले; चाळीस हजार, धनत्रयोदशी, मुनीमजींची सही. भाऊ त्याच दुपारी ते पुस्तक घेऊन वैरागला गेले. त्यांनी भाऊंना जेवू घातले, पावती पाहिली, हसले. माल मात्र अजून दुसरीकडूनच घेतात.

म्हणून, वाचकहो, ज्यांनी ज्यांनी विचारले त्यांना मी एकच उलट प्रश्न करतो. विंडोज कोणती, हे नंतर. आज हा संगणक चोरीला गेला, तर उद्या सकाळी दुसऱ्या एखाद्या संगणकावर आपला हिशेब उघडेल काय? 'बॅकअप घेतो' हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे. तो पेन ड्राइव्ह घरी न्यावा, मुलाच्या लॅपटॉपवर हिशेब उघडून पाहावा आणि आजची शिल्लक, चार-पाच मोठी खाती व तेरीज पेढीवरील आकड्यांशी ताडून पाहावी. जुळली तर बॅकअप आहे. न उघडलेला बॅकअप आणि न मोजलेली थैली यांत मला तरी फरक दिसत नाही. जाणकार तीन प्रती सांगतात : दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतील एक पेढीच्या बाहेर. आपले आजोबा जुनी दप्तरे पेढीवर न ठेवता वाड्याच्या माडीवर ठेवीत, ते याच हिशेबाने.

जुना हिशेब किती काळ वाचता यायला हवा, हेही लक्षात असू द्यावे. जीएसटी कायद्याप्रमाणे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने दप्तर जपावे लागते. कंपनी असेल तर कंपनी कायद्याप्रमाणे आठ आर्थिक वर्षे. तेव्हा संगणक बदलताना चालू वर्षाचा डेटा नेला आणि मागचा राहून गेला, असे होता कामा नये.

आता आणखी काही खड्डे, ज्यांत आपल्यासारखी घरे हमखास पडतात. काही सॉफ्टवेअरचा परवाना त्या विशिष्ट यंत्राशी बांधलेला असतो. यंत्र पुसण्यापूर्वी तो परत नोंदवावा लागतो, नाहीतर नव्या यंत्रावर सॉफ्टवेअर परवानाच नाही असे सांगते. डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचे ड्रायव्हर पुन्हा घालावे लागतात आणि त्याचा पासवर्ड, जो कर सल्लागाराच्या मुलालाच ठाऊक असतो, तो आधी विचारून ठेवावा लागतो. जुन्या युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये टंकलेली पत्रे, पत्त्यांच्या याद्या, लग्नाच्या निमंत्रितांची यादी हे सारे तो फॉन्ट नव्या यंत्रावर नसेल तर निव्वळ चिन्हांचा गोंधळ होऊन समोर येते. फॉन्टच्या फायली बरोबर न्याव्यात, आणि सवड काढून त्या याद्या युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात.

सर्वांत खोल खड्डा डॉसच्या काळातील हिशेबाचा. १९९० नंतरच्या दशकात अनेक पेढ्यांनी स्थानिक प्रोग्रामरकडून फॉक्सप्रोमध्ये हिशेबाचे प्रोग्राम लिहून घेतले. काळा पडदा, पांढरी अक्षरे. आमचाही आहे, वडिलांच्या हयातीतली सारी खाती त्यात आहेत आणि भाऊ वर्षातून दोनदा तरी ती उघडून बसतात. कशासाठी, ते मी विचारीत नाही. असे डॉसचे प्रोग्राम ३२ बिटच्या विंडोजवर चालतात, ६४ बिटच्या विंडोजवर थेट चालत नाहीत. आणि विंडोज ११ ही फक्त ६४ बिटचीच आहे. डॉसबॉक्ससारखी साधने वापरून मार्ग निघतो, परंतु तो आधी काढून पाहिला पाहिजे, नंतर नव्हे.

इतके झाल्यावर यंत्राकडे वळावे. विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. अस्सल विंडोज १० असलेल्या पात्र संगणकावर ती विनामूल्य मिळते. अडते ते पात्रतेपाशी : किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूटची सोय, 'टीपीएम २.०' नावाची सुरक्षेची चिप, आणि पुरेसा नवा प्रोसेसर. इंटेलचे प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचे चालतात. पिढी ओळखणे सोपे आहे. सेटिंग्जमध्ये 'अबाउट' या पानावर प्रोसेसरचा क्रमांक दिसतो. आय-थ्री किंवा आय-फाइव्हच्या पुढचा आकडा ६१०० असेल तर सहावी पिढी, ८४०० असेल तर आठवी, १०४०० असेल तर दहावी. त्याच पानावर ३२ बिट की ६४ बिट हेही कळते. मायक्रोसॉफ्टचे 'पीसी हेल्थ चेक' हे विनामूल्य साधन सरळ होय किंवा नाही असे उत्तर देते. 'नाही' आले तरी एकदा जाणत्या माणसाकडून पाहून घ्यावे. टीपीएम यंत्रात असते, फक्त बायोसमध्ये बंद करून ठेवलेले असते, असे पुष्कळदा घडते. आमच्या घरच्या २०१९ च्या लॅपटॉपचे नेमके तसेच निघाले.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. संगणक मंद चालतो म्हणून विंडोज बदलणार असाल, तर ते चूक ठरेल. मंदपणाचे कारण बहुधा फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क असते. तिच्या जागी एसएसडी घातली तर तेच यंत्र तरुण होते, आणि खर्च नव्या संगणकाच्या अगदी लहानशा हिश्श्याचा.

अपात्र यंत्रावरही विंडोज ११ घालून देतो, असे सांगणारे तंत्रज्ञ भेटतील. घालता येते, हे खरे. परंतु अशा यंत्राला पुढच्या दुरुस्त्या मिळतीलच, याची हमी कंपनी देत नाही. आणि ज्या दुरुस्तीसाठी हा सारा खटाटोप, तीच अनिश्चित ठेवून काय मिळवले? 'ॲक्टिव्हेटर'वर चालणाऱ्या चोरीच्या प्रतींबद्दल तर बोलायलाच नको. तो ॲक्टिव्हेटर कोणी आणि कशासाठी फुकट वाटला, याचा विचार व्यापाऱ्याने तरी करावा.

ज्यांना थोडी उसंत हवी, त्यांच्यासाठी एक सोय आहे. घरगुती संगणकासाठी कंपनीने विंडोज १० च्या सुरक्षा दुरुस्त्या आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, देऊ केल्या आहेत. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचे खाते लागते व नाव नोंदवावे लागते. व्यवसायांसाठी वेगळा दर आहे : पहिल्या वर्षी दर यंत्रामागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, फार तर तीन वर्षे. विंडोजमधील डिफेंडरला विषाणू ओळखण्याच्या याद्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहणार आहेत, हे ऐकून काहीजण निर्धास्त झाले आहेत. याद्यांनी चोर ओळखता येतो. भिंतीतील भगदाड बुजत नाही.

लिनक्सचाही प्रश्न येतो. घरात जुना लॅपटॉप असेल, वडीलधाऱ्यांना त्यावर वाचन, व्हिडिओ, ईमेल इतकेच हवे असेल, तर लिनक्स मिंट विनामूल्य घालून तो खुशाल वापरावा. मराठीही उत्तम टंकता येते. गादीवर मात्र मी ते सुचवणार नाही. विंडोजसाठी लिहिलेली हिशेबाची सॉफ्टवेअरे आणि स्वाक्षरीचे टोकन यांच्याशी झगडण्याइतका वेळ कोणाही मुनीमाकडे नसतो.

आमच्याकडे शेवटी काय ठरले, ते सांगतो. 'संगणक बदलायचा का' असा एकच प्रश्न नव्हता, हे कागदावर लिहू लागल्यावर समजले. यंत्रे तीन आहेत आणि तिघांची कामे निराळी. वजनकाट्याला जोडलेला संगणक विंडोज ७ चा. काट्याची तार जुन्या नऊ पिनांच्या खाचेत बसते आणि काट्याचे सॉफ्टवेअर त्याहून जुने. त्याला इंटरनेटची मुळीच गरज नाही. त्याची नेटची तार काढून टाकली, त्यात कोणाचाही पेन ड्राइव्ह घालायचा नाही असे हमालापासून भाच्यापर्यंत सर्वांना बजावले, आणि तो आहे तसा ठेवला. घरचा लॅपटॉप पात्र निघाला, त्यावर विंडोज ११ घातली. अपग्रेडनंतर दहा दिवसांच्या आत मागे फिरता येते, म्हणून त्या दहा दिवसांत प्रिंटर, टोकन, सारे चालवून पाहिले. पेढीचे बँकेचे आणि जीएसटीचे काम तेव्हापासून त्यावरच होते.

उरला गादीवरचा, ज्याच्यावरून वाद सुरू झाला तो. प्रोसेसर सहाव्या पिढीचा, विंडोज ३२ बिटची; पात्र होण्याची आशाच नाही. त्याच्या जागी नवा घ्यायचा, हे भाऊंनी मान्य केले. त्यांची अट एकच : जुना मोडीत द्यायचा नाही. तो नेट न जोडता आतल्या खोलीत राहील आणि वडिलांचा तो काळ्या पडद्याचा हिशेब त्यावर उघडत राहील. पुतण्या यावर काही बोलला नाही.

मार्च-अखेर तोंडावर असताना काहीही हलवायचे नाही, हे तर न सांगताच सर्वांना मान्य होते. एप्रिलच्या २० तारखेचे विवरणपत्र भरून झाले की २५ तारखेचा शनिवार त्यासाठी मोकळा ठेवला आहे.

तोवर मुनीमजींची परीक्षा चालू आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी त्यांनी पेन ड्राइव्ह आणून लॅपटॉपवर हिशेब उघडला. चालू वर्ष उघडले, शिल्लक जुळली. २०२१-२२ मात्र कोठे दिसेना. शोधता शोधता उमगले, की त्या वर्षाचा डेटा विभागून निराळ्या फोल्डरमध्ये ठेवला होता आणि बॅकअपचे बटण त्याला कधी शिवलेच नव्हते. तो फोल्डर बॅकअपमध्ये घेतला. दुसऱ्या रविवारी पुन्हा उघडून पाहिले : आठही वर्षांच्या तेरजा जुळल्या. त्यांतील एक पेन ड्राइव्ह आता माझ्या घरी असतो, एक भाऊंच्या तिजोरीत. पावतीपुस्तकांची स्थळप्रत रोज संध्याकाळी मोबाइलवर टिपून ठेवायची, असे भाऊंनी आपण होऊन सुरू केले आहे. आणि येणाऱ्या तंत्रज्ञाला, जुन्या यंत्राच्या डिस्कला हातसुद्धा लावायचा नाही, असे त्यांनी फोनवर आतापर्यंत दोनदा सांगून ठेवले आहे.